हरिकेन सीझनची तयारी: फेब्रुवारीत सुरू केली, जूनमध्ये संपली

फ्लोरिडात नव्याने घर घेतलेल्या बऱ्याच मराठी मंडळींचा प्रश्न असतो की हरिकेनसाठी नेमकं काय आणि कधीपासून करायचं, आणि उत्तर म्हणून सगळे पाण्याच्या बाटल्या आणि बॅटऱ्यांची यादी पाठवतात. आम्ही यंदा ही सगळी तयारी पहिल्यांदाच पूर्ण केली, म्हणून जसं घडलं तसं लिहून काढतेय. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते, सुरुवात कागदांपासून करा. पाणी, टॉर्च, डबाबंद खाणं हे वादळाच्या आदल्या आठवड्यातही धावपळ करून मिळतं. पूर विमा, सोसायटीची परवानगी, काउंटीचं (जिल्हा प्रशासनाचं) परमिट, खिडक्यांची शटर हे तेव्हा कितीही पैसे टाकले तरी मिळत नाही.

आम्ही टँपाच्या आग्नेयेला रिव्हरव्ह्यूला राहतो, अलाफिया नदी फार लांब नाही. घर २०२४ च्या उन्हाळ्याआधी घेतलं आणि त्याच वर्षी दोन आठवड्यांच्या आत दोन वादळं आली. २६ सप्टेंबरला हेलेन आमच्यापासून शंभराहून जास्त मैल लांबून गेलं, पार वर पेरीजवळ धडकलं, तरी टँपा बेचं (खाडीचं) पाणी असं चढलं की किनाऱ्याकडची घरं खारट पाण्याने भरली. मग ९ ऑक्टोबरला मिल्टन सिएस्टा की बेटावर धडकलं, कॅटेगरी ३ (पाचपैकी). आमचं कुंपण पडलं, मागच्या लनाईची (जाळीच्या व्हरांड्याची) जाळी फाटली, लाईट बरेच दिवस नव्हती आणि पेट्रोल पंपांवर पेट्रोल नव्हतं. नदीचं पाणी तर पाऊस थांबल्यानंतरही चढतच राहिलं, वर लिथियाच्या बाजूला लोकांच्या घरात शिरलं. आम्ही वाचलो, पण यंदा मे महिन्यात सासू-सासरे श्रीवर्धनहून सहा महिन्यांसाठी येणार होते म्हणजे बरोब्बर सीझनमध्ये (१ जून ते ३० नोव्हेंबर), त्यातून आईंना इन्सुलिन चालू आहे. मग फेब्रुवारीतच मी आणि नवऱ्याने एक रविवार काढून विम्याची पॉलिसी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली.

ती वाचताना पोटात गोळा आला. घराच्या विम्यात हरिकेन डिडक्टिबल वेगळं असतं आणि ते बहुतेक वेळा टक्क्यांत असतं. म्हणजे घराचं कव्हरेज ४,००,००० डॉलर आणि डिडक्टिबल २ टक्के असेल तर पहिले ८,००० डॉलर आपल्या खिशातून, त्यानंतर कंपनी. एवढी रक्कम बाजूला काढलेली आहे का हा प्रश्न छपरापेक्षा आधी विचारा. दुसरं म्हणजे या पॉलिसीत पूर येत नाही. वाऱ्याने छप्पर उडून पाऊस आत आला तर ते धरतात, पण जमिनीवरून पाणी वाढत घरात शिरलं तर तो पूर आणि त्याला वेगळी पॉलिसी लागते.

पूर विमा बहुतेक जण सरकारी योजनेचा घेतात, एनएफआयपी. यात घराच्या इमारतीला जास्तीत जास्त २,५०,००० आणि सामानाला १,००,००० डॉलर कव्हर मिळतं, आणि सामानाचं कव्हर आपणहून मागावं लागतं, आपोआप येत नाही. सामानाचे पैसे घसारा वजा करून मिळतात, जुन्या सोफ्याला नव्याची किंमत येणार नाही. आणि मुख्य गोष्ट, पॉलिसी घेतल्यापासून साधारणपणे ३० दिवसांनी ती लागू होते (घराचं लोन क्लोज होताना घेतली तर वेगळा नियम आहे). वादळाला नाव पडल्यावर घेतलेल्या पॉलिसीचा त्या वादळात काहीच उपयोग नाही. घराच्या विम्याचंही तसंच, वादळाची वॉच किंवा वॉर्निंग (अधिकृत इशारे) लागली की कंपन्या नवीन पॉलिसी देणं आणि कव्हरेज वाढवणं बंद करतात.

आमचं घर फीमाच्या (केंद्र सरकारची आपत्ती निवारण संस्था) पूर नकाशावर झोन एक्समध्ये येतं म्हणजे बँकेची पूर विम्याची सक्ती नाही. शेजारी म्हणाले कशाला घेताय, एक्समध्ये तर आहात. पण एक्स म्हणजे धोका कमी, धोका नाही असं नाही आणि अलाफियाचं पाणी आम्ही बघितलेलं होतं. एजंटने दोन कोटेशन दिली, एक सरकारी आणि एक खाजगी कंपनीचं. आम्ही सरकारी घेतलं, वर्षाला ७०० डॉलरच्या थोडं वर. ९ एप्रिलला पैसे भरले, ९ मे पासून लागू. तोवर सीझन सुरू झालेला नव्हता तरी ते तीस दिवस मला जड गेले हे खरं.

त्याआधीच विंड मिटिगेशन इन्स्पेक्शन (घर वाऱ्याला किती टिकेल याची तपासणी) करून घेतलं. हे नाव नवीन लोकांनी ऐकलेलं नसतं आणि पैसे वाचवणारी गोष्ट आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. परवानाधारक इन्स्पेक्टर येतो, माळ्यावर चढतो, छपराचा आकार, पत्र्याखालच्या फळ्यांना कुठले खिळे किती अंतरावर आहेत, छप्पर भिंतीला नुसतं खिळ्यांनी धरलंय की लोखंडी क्लिप आहेत की पूर्ण पट्ट्या आहेत, खिडक्या-दारांना संरक्षण आहे का, हे सगळं फोटोसकट एका ठरलेल्या सरकारी फॉर्मवर भरतो. आम्हाला १४० डॉलर पडले. फॉर्म साधारण पाच वर्षं चालतो आणि फ्लोरिडात कंपन्यांना त्यावर सवलत द्यावी लागते. आमच्या माळ्यावर प्रत्येक तुळईला क्लिप निघाल्या आणि वर्षाच्या हप्त्यात चारशेहून जास्त डॉलर कमी झाले. इन्स्पेक्टर माळ्यावर असताना त्याच्याकडून फोटो स्वतःच्या फोनवरही मागून घ्या, पुढे क्लेम करायची वेळ आली तर आधीची परिस्थिती दाखवायला उपयोगी पडतात.

खिडक्यांच्या रकान्यात मात्र त्याने काहीच संरक्षण नाही असं लिहिलं. मग शटरचा विषय निघाला. खिडकी फुटली तर काचच जाते असं वाटतं, पण खरा धोका त्यापुढचा आहे. खिडकी किंवा गॅरेजचं दार गेलं की वारा आत कोंडतो, आतून छपराला वर ढकलतो आणि बाहेरून वारा छपराला वर ओढतच असतो. फोनवर बाबांना (सासऱ्यांना) हे सांगायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं, म्हणाले, मला काय सांगतेस, निसर्ग चक्रीवादळात आपल्या पडवीचे पत्रे असेच गेले, आधी मागचं दार गेलं आणि मग पत्रे. ३ जून २०२० ला निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्याच किनाऱ्यावर आलं होतं, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या, वीज यायला किती काळ गेला ते त्यांच्याकडून ऐकावं. त्यानंतर त्यांनी सगळे पत्रे जे-हुक लावून बसवून घेतले. इथल्या क्लिपचा फोटो पाठवला तेव्हा त्यांनी तो झूम करून खिळे मोजले आणि मगच ठीक आहे म्हणाले.

शटरची तीन कोटेशन घेतली. इम्पॅक्ट (सहज न फुटणाऱ्या) काचेच्या खिडक्या सगळ्या घराला ३०,००० च्या वर, अकॉर्डियन शटर (बाजूला सरकवून बंद करायचे) ९,००० च्या आसपास, आणि अॅल्युमिनियमचे सुटे पॅनल ५,६०० डॉलर. आम्ही पॅनल घेतले. पॅनल दर वेळी स्वतः चढवावे लागतात, त्याला दोन माणसं आणि अर्धा दिवस लागतो, त्यामुळे एकट्या राहणाऱ्या किंवा वयस्कर लोकांनी जमत असेल तर अकॉर्डियनच घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. प्लायवूडही चालतं, पण सीझनमध्ये ते दुकानातून गायब होतं आणि विम्याच्या सवलतीला आम्हाला त्याचा उपयोग नव्हता. सवलत हवी असेल तर काचेचं एकही दार-खिडकी सोडून चालत नाही, बाथरूमची छोटी खिडकी राहिली तरी तो रकाना रिकामाच धरतात.

आता कागद. आधी सोसायटी म्हणजे एचओए. ३ मार्चला अर्ज दिला, सोबत पॅनलचा रंग, नकाशा, कंत्राटदाराचं लायसन्स, विमा. दोन आठवडे काही नाही, मग उत्तर आलं की समोरच्या बाजूला पॅनलचे ट्रॅक दिसतील म्हणून नाकारतोय. आम्हाला घाम फुटला. नवऱ्याने शोधलं तर २०२४ मध्ये फ्लोरिडात कायदा झालाय, प्रत्येक एचओएने हरिकेन संरक्षणाचे नियम लिखित ठेवायचे आणि त्या नियमांत बसणारा अर्ज नाकारायचा नाही. आम्ही भांडण न करता ईमेलमध्ये त्यांचे लेखी नियम मागितले आणि ट्रॅक भिंतीच्या रंगात रंगवू असं लिहून दिलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मंजुरी आली. ज्यांना असा नकार येईल त्यांनी फोनवर बोलू नये, सगळं ईमेलवर ठेवावं.

कंत्राटदार निवडताना राज्याच्या वेबसाइटवर लायसन्स नंबर टाकून तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. वादळानंतर दारोदार फिरणाऱ्यांना तर मुळीच सही देऊ नका. आमच्याकडे एकाने निम्मे पैसे आगाऊ मागितले, त्याला नाही म्हटलं. १० टक्क्यांहून जास्त आगाऊ घेतले तर ३० दिवसांत परमिटचा अर्ज करायचं बंधन इथे कंत्राटदारावर आहे, हे त्याला सांगितल्यावर तोच परत आला नाही. ज्याला काम दिलं त्याने १० टक्केच घेतले.

काउंटीच्या परमिटला पॅनलचा फ्लोरिडा प्रॉडक्ट अप्रूव्हल नंबर लागतो, तो कोटेशनवरच लिहून घ्या, नंतर मागत बसावं लागतं. काम ५,००० डॉलरच्या वर असल्यामुळे नोटीस ऑफ कमेन्समेंट नावाचा कागद घरमालकाने नोटरीसमोर सही करून काउंटीच्या क्लार्ककडे नोंदवावा लागतो, पहिल्या इन्स्पेक्शनच्या आधी. आमच्या बँकेत नोटरी फुकट झाली, नोंदणीचे थोडे डॉलर लागले. परमिट २२ एप्रिलला आलं, ट्रॅक आणि बोल्ट १२ मे ला बसले, काउंटीचा इन्स्पेक्टर १९ मे ला येऊन गेला. तो पास झाल्याशिवाय शेवटचा चेक देऊ नका. पास झाल्यावर विंड मिटिगेशनचा फॉर्म नवीन करून एजंटला पाठवला, त्याची सवलत पुढच्या रिन्यूअलला दिसेल.

गॅरेजच्या दाराला आतून उभा ब्रेस लावून घेतला, ३०० च्या आसपास. दुहेरी गॅरेजचं दार हे घरातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कच्चं भोक आहे, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आई-बाबा मे च्या मध्यावर आले. जेटलॅग उतरल्यावर बाबांनी पॅनलचा ताबा घेतला. गॅरेजमध्ये सगळे पॅनल उभे करून प्रत्येकावर मार्करने लिहिलं, "देवघर, डावीकडून २", "हॉल, उजवं टोक", "नातीची खोली, वरची कड इकडे". त्यांच्या शाळामास्तरी अक्षरात. मग एका शनिवारी आम्ही एक खिडकी पूर्ण लावून बघितली. पॅनल वरच्या खाचेत सरकवायचं, खाली बोल्टवर बसवायचं, विंग नट आवळायचा, पुढचं पॅनल आधीच्यावर एक नळी चढवून. कडा सुरीसारख्या असतात, जाड हातमोजे हवेतच. बाबांना खाली बसून नट आवळायचं काम दिलं, शिडीवर नवरा. एका खिडकीला वीस मिनिटं लागली त्यावरून अख्ख्या घराचा अंदाज आला. विंग नट जास्तीचे आणून ठेवा, गवतात पडले की सापडत नाहीत. आणि पॅनल सीझनभर लावून ठेवू नका, आग लागली तर खिडकीतून बाहेर पडता येत नाही.

घर सोडायचं की नाही हे ठरवायला पूर झोन उपयोगाचा नाही, तिथे इव्हॅक्युएशन झोन बघायचा, ए पासून ई पर्यंत. दोन्ही वेगळे आहेत आणि लोक हमखास गोंधळतात. आमचा पूर झोन एक्स पण इव्हॅक्युएशन झोन सी. काउंटीच्या साइटवर पत्ता टाकला की कळतो. इथे सगळे सांगतात की पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं, म्हणजे झोन रिकामा करायला सांगितला तर निघायचंच, पण शेकडो मैल जायची गरज नाही, पाण्याच्या टप्प्याबाहेरचं भक्कम घर पुरतं. मिल्टनच्या वेळी आय-७५ हायवेवर अडकलेल्यांनी काय भोगलं ते आठवतंय. आमचं लेकलँडच्या मित्रांशी बोलणं झालंय, आमची बॅग त्यांच्याकडे आणि गरज पडली तर त्यांची आमच्याकडे. जूनपासून गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ द्यायची नाही असं ठरवलंय.

"मागच्या वेळी टँपाला काही झालं नाही" असं म्हणणारे भेटतात, त्यांच्यासाठी हे लिहिते. मिल्टनचा डोळा बेच्या दक्षिणेला गेला. वादळाचा वारा इथे घड्याळाच्या उलट फिरतो, त्यामुळे आमच्या बाजूला तो जमिनीकडून समुद्राकडे वाहिला आणि बेचं पाणी बाहेर ओढलं गेलं, तळ दिसला होता. तेच केंद्र थोडं उत्तरेला गेलं असतं तर तोच वारा पाणी आत ढकलत आला असता. हरिकेन सेंटरचा जो कोन टीव्हीवर दिसतो तोसुद्धा फक्त केंद्र कुठून जाईल त्याचा अंदाज आहे, कोनाच्या बाहेर म्हणजे सुरक्षित असं नाही. हेलेनमध्ये आम्ही कोनाकडे बघून निवांत बसलेले लोक बघितलेत. सेंटरचं बुलेटिन पहाटे-संध्याकाळी ५ ला आणि ११ ला येतं, तेवढंच बघायचं, बाकी दिवसभर फॉरवर्ड वाचायचे नाहीत असा आमच्या घरात नियम आहे, आईंची झोप उडते म्हणून.

औषधांचं लक्षात ठेवा. फ्लोरिडात हरिकेन वॉर्निंग लागली किंवा गव्हर्नरने काउंटीसाठी आणीबाणी जाहीर केली की चालू असलेल्या औषधांचा ३० दिवसांचा साठा वेळेआधी घेता येतो, फार्मसीत मागायचा. पण भारतातून आलेल्या आई-वडिलांची प्रिस्क्रिप्शन इथली नसतात, त्यामुळे निघतानाच पूर्ण मुक्कामाची औषधं आणि डॉक्टरची चिठ्ठी घेऊन यायला सांगितलं. चालू असलेली इन्सुलिनची पेनं किती दिवस बाहेर टिकतात ते आईंच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घेतलं, आणि एसी बंद पडल्यावर घर तापतं म्हणून पाण्यात भिजवून थंड राहणारा पाऊच आणला, २५ डॉलर. ज्यांच्या घरी ऑक्सिजन मशीन वगैरे विजेवर चालणारं काही आहे त्यांनी काउंटीच्या स्पेशल नीड्स रजिस्ट्रीत आत्ताच नाव घाला. पासपोर्ट, व्हिसाचे कागद (आय-९४, आय-७९७), पॉलिस्या, घराचे कागद एका वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, आणि फोनवर घरभर फिरून व्हिडिओ काढला, प्रत्येक कपाट उघडून, टीव्ही-फ्रिजच्या मागच्या नंबरासकट, तो क्लाउडवर टाकला.

स्वयंपाकाचं आईंनी हातात घेतलं. आमची शेगडी विजेची, लाईट गेली की चहासुद्धा नाही. म्हणून बाहेर अंगणात चालवायला गॅसची ग्रिल आणि एक ब्युटेनची शेगडी ठेवलीय (घरात किंवा गॅरेजात चालवायची नाही, विषारी वायू साठतो), आणि शिवाय न शिजवता खाता येईल असं वेगळं. पातळ पोहे, सुकं खोबरं, मेतकूट, सातूचं पीठ आणि गूळ, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू, दुधाची पावडर. दडपे पोहे तर बिनशेगडीचेच. इंडियन स्टोअरमध्ये वादळाच्या आठवड्यात पोह्यांचं रॅकसुद्धा रिकामं होतं हे मागच्या वर्षी बघितलंय. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, सात दिवसांचं, म्हणजे पाच माणसांना ३५ गॅलन. फ्रीजरमध्ये रिकाम्या जागी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या. भरलेला फ्रीजर न उघडता साधारण ४८ तास थंड राहतो, फ्रीज मात्र चारच तास.

इन्व्हर्टर जनरेटर घेतला छोटा, साडेचारशे डॉलर, फ्रिज, राउटर आणि दोन पंख्यांपुरता. घरापासून किमान २० फूट लांब, धूर घराच्या विरुद्ध दिशेला, आणि घरात बॅटरीवर चालणारे कार्बन मोनॉक्साइड अलार्म. वादळानंतर जनरेटरच्या धुरानेही माणसं जातात, हे कृपया हलक्यात घेऊ नका. भिंतीच्या सॉकेटमध्ये उलटी वायर लावून घर चालवायचा उद्योग तर अजिबात नाही, लाईनवर काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. सगळं घर चालवायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच आणि त्याचं परमिट.

७ जूनला संध्याकाळी मेन ब्रेकर पाडून आम्ही सगळं करून बघितलं. जनरेटरची वायर फ्रिजपर्यंत पुरत नव्हती, जाड गेजची ५० फुटी आणली. रात्री बाथरूमकडे जाताना आईंना दिसत नव्हतं म्हणून पॅसेजमध्ये बॅटरीचे छोटे दिवे चिकटवले. लेकीने टॉर्च कुठल्या खणात आहे ते पाठ केलं. बाकीचं चाललं.

आता एकच काम राहिलंय, छपरावर आलेली ओकची फांदी. आर्बोरिस्टची (झाडं छाटणाऱ्याची) तारीख २४ जूनची मिळालीय, ६५० डॉलर सांगितलेत. सीझन लागला की त्यांच्याकडेही रांग असते, ज्यांच्याकडे मोठी झाडं आहेत त्यांनी एप्रिलमध्येच फोन करा. रिव्हरव्ह्यू-ब्रँडनकडे कोणाला एचओएच्या ईमेलचा मसुदा हवा असेल तर सांगा, पाठवते, आणि कोणाला पॅनल लावून बघायचे असतील तर शनिवारी सकाळी या, बाबा घरीच असतात.